घासून आणलेल्या सहा बरण्या

‘भागीदारी’ हा शब्द कोणी माझ्यासमोर काढला की माझं डोकं सटकतं. परवा आमच्या विभागात नव्या प्रकल्पाची बैठक होती. एका तरुण प्राध्यापकानं अर्ध्या तासात तो शब्द इतक्या वेळा उच्चारला की मी पेन टेबलावर आपटलं, उठले आणि कँटीनमध्ये जाऊन बसले. लोकांना वाटलं, बाईंचं बीपी वाढलं. वाढलंच होतं. का वाढतं ते मी आजवर कोणाला धड सांगितलेलं नाही, कारण दुसऱ्यांना शिव्या घालता घालता ते शेवटी माझ्यावरच येतं. तरी आता सांगते. पोटात ठेवून ठेवून आंबलंय सगळं.

मी नागपुरातल्या एका विद्यापीठात पर्यावरणशास्त्र शिकवते. कोणतं ते सांगणार नाही. सांगितलं तर माझे तास जातील. नोकरी जाईल असं म्हणत नाही, कारण नोकरी मला नाहीच. मी तासिका तत्त्वावर आहे. म्हणजे दर उन्हाळ्यात आपण संपतो आणि पावसाळ्यात, वरच्यांची मर्जी असेल तर, नवी ऑर्डर घेऊन पुन्हा उगवतो. असं उगवता उगवता माझे केस पांढरे झाले. कायम असलेले लोक मला प्रेमानं ‘आमच्या मॅडम’ म्हणतात आणि सगळी खर्डेघाशी माझ्याकडे सरकवतात.

काही वर्षांपूर्वी आमच्या विभागप्रमुखांनी, त्यांना मी नुसतं सर म्हणते, एका खासगी कंपनीशी संशोधनाचा करार केला. ही कंपनी वीजकेंद्रातली कोळशाची राख विकत आणून तिच्या विटा आणि ब्लॉक बनवते. कोराडी रोडनं शहराबाहेर पडायचं आणि आत वळायचं, की तिचा कारखाना. राखेचे ट्रक कारखान्यात जायचे ते एका वस्तीच्या मधल्या गल्लीतून. एका बाजूला घरं, दुसऱ्या बाजूला अंगणवाडी आणि तिला लागून बुद्धविहार. ट्रकवर ताडपत्री असायची, पण अर्धी. गल्लीच्या तोंडाशी मोठा खड्डा होता. तिथं ट्रक उसळला की राख उडायची आणि अंगणवाडीतल्या पोरांच्या खिचडीवर बसायची.

ती खिचडी शिजवायची मावशी. अंगणवाडीत मदतनीस आणि वस्तीच्या महिला मंडळाची अध्यक्ष. सातवी पास, अंगानं बारकी, आवाज मात्र गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. ती पातेल्यावर ओलं फडकं टाकून स्वयंपाक करायची. मी पहिल्यांदा गेले तेव्हा तिनं ते फडकं माझ्यासमोर पिळून दाखवलं. बादलीत काळं पाणी पडलं.

“हे पाय,” ती म्हणाली, “हे रोजचं आहे. पोट्टे दिवसभर खोकलून राह्यले. ट्रक तिकडून नाल्याच्या रोडनं नेता येते न, पण त्याइले तो लांब पडते. आमच्या पोट्ट्याइची छाती जवळ पडते.”

करार झाला त्या दिवशी स्टेजवर तीन खुर्च्या होत्या. एक विद्यापीठाची, एक उद्योगाची, एक समाजाची. मागे बॅनर, बॅनरवर एकमेकांत अडकलेली तीन वर्तुळं. सरांनी पाऊण तास भाषण ठोकलं. ‘ज्ञानाचं लोकशाहीकरण’ काय, ‘सहनिर्मिती’ काय, ‘या भगिनी आमच्या सह-संशोधक आहेत’ काय! बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात. मी कोपऱ्यात फाइल छातीशी धरून उभी होते आणि खोटं कशाला बोलू, मला ते सगळं आवडलं होतं. मला वाटलं, बाप्पा, आपल्या विभागात एकदाचं काहीतरी कामाचं होऊन राहिलं.

मावशीसमोर कागद आला. तिनं पेन हातात घेतलं आणि परत खाली ठेवलं.

“ह्याच्यात ट्रकचं कुठं लिहिलं आहे?”

कंपनीचे साहेब हसले. त्यांचं बोलणं नेहमी अर्धं हिंदीत. “मावशी, ये तो रिसर्च है. ट्रकचं बाद में पाहू.”

“मंग सही बी बाद मेंच करतो न जी.”

सभागृहात हशा पिकला. मावशी हसली नाही, साहेबांकडे बघत बसून राहिली. फोटोग्राफर ताटकळला, कुलगुरूंच्या प्रतिनिधींनी घड्याळ बघितलं. शेवटी सरांनी तिथल्या तिथं हातानं एक कलम लिहिलं. वस्तीत पडणारी राख मर्यादेबाहेर निघाली, तर ट्रक नाल्याकडच्या रस्त्यानं जातील. साहेबांनी त्यापुढे आणखी अर्धं वाक्य घालायला लावलं, की नाही निघाली तर मंडळ या रस्त्याबद्दल पुन्हा तक्रार करणार नाही. मावशीनं ते दोनदा वाचलं, ओठ हलवत, बोट फिरवत. मग सही केली, पूर्ण नाव, आडनावासकट.

म्हणजे अख्ख्या प्रकल्पाचा जीव त्या राखेच्या मोजमापात होता. मोजमाप तसं साधं असतं. रुंद तोंडाची बरणी घ्यायची, तळाला थोडं शुद्ध पाणी घालायचं, वर कावळा बसू नये म्हणून तारेचं कडं लावायचं आणि ती उघड्यावर महिनाभर ठेवायची. हवेतून पडेल ती राख आत साचते. महिन्यानंतर बरणी जशीच्या तशी प्रयोगशाळेत आणायची, पाणी गाळायचं, उरलेलं वाळवायचं, वजन करायचं. आम्ही अशा सहा बरण्या सहा घरांच्या स्लॅबवर ठेवल्या. आणि सहभाग दिसला पाहिजे ना, म्हणून त्या सांभाळणं आणि महिन्यानंतर उतरवून विहारात आणणं हे काम सहा घरच्या सहा बायकांकडे दिलं.

त्यांचं प्रशिक्षण विहारातच झालं. सर चाळीस मिनिटं पडद्यावर इंग्रजी पाट्या दाखवत बोलले. मग फोटो झाले. मग साहेबांनी मागवलेले तर्री-पोहे आले आणि त्याच्या वासानं सगळ्यांचं लक्ष उडालं. माझ्या वाट्याला तीन मिनिटं आली. मी घाईघाईत सांगितलं, बरणीला हात लावू नका, जागा बदलू नका, पोरांना जवळ जाऊ देऊ नका, महिना झाला की विहारात आणून द्या. बायकांनी माना हलवल्या. एक कागदही दिला मराठीत, मीच केलेला. धुवू नका असं त्यात कुठंच नव्हतं. माझ्या डोक्यातच आलं नाही ते.

महिना झाला. जानेवारीतली सकाळ, थंडी चांगली पडलेली. मी नंदनवनातल्या माझ्या घरून ऑटो करून, रिकामी खोकी घेऊन वस्तीत पोचले. विहारात सतरंजी अंथरलेली, सहा बायका ठेवणीतल्या साड्या नेसून बसलेल्या. आणि त्यांच्यासमोर ओळीनं सहा बरण्या. लखलखीत! उन्हात नुसत्या चमकत होत्या. आणि रिकाम्या नव्हत्या. एकीत हिरव्या तुरीच्या शेंगा, एकीत बोरं, एकीत चिवडा, एकीत मुरमुरे, एकीत पसाभर तांदूळ, आणि मावशीच्या बरणीत काठोकाठ साखर.

सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. हसत होत्या. मी काय करावं? मी किंचाळले.

“हे काय केलं तुम्ही? अक्कल आहे का? सांगितलं होतं ना हात लावू नका म्हणून! महिनाभराचं काम मातीत घातलं!”

माझ्या आईपेक्षा मोठ्या बायका होत्या त्यात. त्यांची मी अक्कल काढली. तुरीच्या शेंगावाली तर माझ्याहून चार-पाच वर्षांनीच लहान, तिचा चेहरा पार पडला. मावशी तेवढी शांत होती.

“काहून बोंबलून राह्यली वं पोरी? महिनाभर कोणी हातच नाही लावला. आज वापस द्याचं होतं म्हणून घासलं. भांडं कोणाचं आहे? तुमचं. मंग चिखलानं भरलेलं वापस देऊ का? अन् रिकामं तं कसंच देणार? तू आपल्या माय-बापाच्या घरी देते का कोणाचं भांडं रिकामं?”

“राख किती होती?” मी विचारलं.

“लय होती. हे एवढी,” तिनं अंगठा बोटाच्या पेरावर ठेवून दाखवलं. “काथ्यानं घासली मी, तरी निघून नव्हती राह्यली. दोन खेप घासली.”

“आणि ती कुठं टाकली?”

“मोरीत. कुठं टाकतात?”

मी सतरंजीवर बसले. मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. कारण हे मला माहीत असायला हवं होतं. मी काही आभाळातून पडलेली नाही. मी अशाच घरात वाढले. शेजारच्या काकूंचा डबा आमच्याकडे आला की आई तो राखेनं घासायची, उन्हात पालथा घालायची आणि त्यात काहीतरी घातल्याशिवाय परत पाठवायची नाही. घरात काहीच नसलं तर चमचाभर साखर. हे अंगात मुरलेलं होतं माझ्या. पण विद्यापीठात इतकी वर्षं ‘नमुना’ म्हणत राहिले आणि विसरले, की त्या बायकांच्या घरात ते नमुना नसतं, पाहुण्याचं भांडं असतं. ती चूक त्यांची नव्हती, माझी होती. चिवडा खाल्ला मी, सगळ्यांबरोबर बसून.

परत येऊन मी नोंदवहीत स्वच्छ लिहिलं: सहाही बरण्या धुतलेल्या, पहिल्या महिन्याचा नमुना रद्द. बरण्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या, ‘रद्द’ लिहिलं आणि कपाटात ठेवल्या. सरांना सांगितलं. सर मोबाइलमध्ये बघत म्हणाले, “हो हो, पाहू. पुढचा महिना नीट करा.”

आणि पुढचा महिना त्या बायकांनी इतका नीट केला की बोलायची सोय नाही. नव्या सहा बरण्या ठेवल्या. मी प्रत्येकीच्या घरी जाऊन बसले, पाणी प्यायले, माफी मागितली आणि समजावलं, की आपल्याला ती घाणच हवी आहे, तीच आपली साक्ष. एकदा कळल्यावर काय विचारता! संक्रांतीला पतंगीसाठी पोट्टे स्लॅबवर चढतात, तर शेंगावालीनं जिन्याच्या दारालाच कुलूप ठोकलं. एकीनं महिनाभर स्लॅबवर पापड वाळवले नाहीत. बोरंवाल्या म्हातारीनं तर स्वतःच्या नवऱ्याला वर पाय ठेवू दिला नाही, तो मला दिसला की कुरकुरायचा. महिना झाल्यावर त्या बरण्या स्वच्छ फडक्यांनी तोंडं बांधून, दोन्ही हातांनी धरून, पाऊल मोजत विहारात आल्या. ऑटोत मी त्या दोन पायांत धरून बसले आणि प्रत्येक खड्ड्यावर ऑटोवाल्याला शिव्या दिल्या.

वजन मी स्वतः केलं. दोनदा केलं. राख मर्यादेच्या बरीच वर होती. सहाच्या सहा बरण्यांत. अंगणवाडीसमोरच्या मावशीच्या बरणीत सगळ्यांत जास्त. मी तक्ता केला, सरांना दिला आणि त्याच दिवशी मावशीला फोन करून सांगितलं. ती पलीकडून ओरडून बायकांना सांगत होती ते मला ऐकू येत होतं.

मग कंपनीच्या ऑफिसात आढावा बैठक झाली. एसी, मऊ खुर्च्या, बशीत काजू-बदाम. साहेबांनी माझा तक्ता बघितला, चष्मा काढला आणि सरांना म्हणाले, “सर, एक महिने में निल, दुसऱ्या महिन्यात एवढी? ये कैसे?”

“निल नव्हतं,” मी म्हटलं. “पहिल्या महिन्याच्या बरण्या धुतलेल्या होत्या. तो नमुना रद्द केलाय.”

“रद्द काहून? तपासला तर आहे.” साहेबांनी एक कागद पुढे सरकवला. त्यावर आमच्याच प्रयोगशाळेचा शिक्का. माझ्या मागे, माझ्या चिठ्ठ्या काढून, कोणीतरी त्या घासलेल्या बरण्या शुद्ध पाण्यानं खंगाळल्या होत्या आणि ते पाणी गाळून तपासलं होतं. सहा घरं, सहा रकाने, सहाही रकान्यांत निरंक. निरंकच येणार ना! मावशीनं काथ्यानं दोनदा घासली होती!

मी सरांकडे बघितलं. सर काजू निवडत होते.

“देखिए मॅडम,” साहेब मला समजावायला लागले, अगदी गोड आवाजात, “दुसऱ्या महिन्यात त्या बायकांना मालूम होतं की तुम्हाला राख पाहिजे. तुम्हीच घरोघर जाऊन सांगितलं. टाकली असेल मूठ-मूठभर. गरीब लोक आहेत, रस्ता हटवायचा आहे त्यांना. समजू शकतो आपण.”

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या खुर्चीत कळलं. ज्या बायकांनी दुसऱ्याचं भांडं रिकामं परत द्यायची लाज वाटते म्हणून घरातले तांदूळ त्यात घातले, त्यांनी म्हणे राख टाकली! चोराच्या उलट्या बोंबा! मी टेबलावर हात आपटला. म्हटलं, तिसऱ्यांदा ठेवा, तुमचा माणूस बसवा स्लॅबवर, कुलूप लावा, किल्ली तुमच्याकडे ठेवा. साहेब म्हणाले, मुदत संपली. मी म्हटलं, सर, तुम्ही बोला.

सर बोलले. इतक्या वेळानं तोंड उघडलं आणि काय म्हणाले? “शास्त्रीयदृष्ट्या पाहिलं तर पहिला महिना अधिक निःपक्ष आहे. त्यात कोणाला काहीच अपेक्षा माहीत नव्हती.”

निःपक्ष! धुतलेली बरणी निःपक्ष! अरे, पहिल्या वर्षाच्या पोट्ट्यानं पेपरात हे लिहिलं असतं तर सरांनी त्याला लाल शाईनं भोपळा दिला असता. तीस वर्षं वजनकाट्यासमोर काढलेला माणूस. त्याला काय कळत नव्हतं? सगळं कळत होतं. विभागाला एक यंत्र हवं होतं, ते कंपनी प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात देणार होती, एवढंच. एका यंत्रासाठी.

सरांचं घर प्रताप नगरला, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. तरी त्या दिवशी ते मला गाडीनं नंदनवनापर्यंत सोडायला आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. गाडीत एसी वाढवला, आईची तब्येत विचारली. मग म्हणाले, “मॅडम, तुम्ही फार मनाला लावून घेता. अहवालात सगळंच मावत नसतं. दुसऱ्या टप्प्यात आपण नव्यानं मोजू. आणि यंदा तुमची ऑर्डर मी स्वतः बघणार आहे, काळजी करू नका.” मी खिडकीबाहेर बघत होते. उतरताना मी त्यांना ‘थँक यू सर’ म्हटलं. म्हटलं मी तसं. ते आठवलं की अजून कानशिलं तापतात.

समारोपाचा कार्यक्रम त्याच सभागृहात झाला. तेच बॅनर. आमंत्रित जास्त. मावशी आणि तिच्या पाच जणी पहिल्या रांगेत, या वेळी खास बोलावलेल्या. मावशीला शाल दिली, नारळ दिला, फोटो काढला. मग अहवाल आला, गुळगुळीत कागदाचा, पूर्ण इंग्रजीत. तिन्ही भागीदारांनी शेवटच्या पानावर सह्या करायच्या होत्या. सरांनी केली. साहेबांनी केली. मावशीसमोर पान धरायला मला स्टेजवर बोलावलं गेलं.

दुसऱ्या महिन्याचा तक्ता त्यात कुठंच नव्हता. पहिल्या महिन्याचा होता. निरंक, निरंक, निरंक, सहा वेळा. मी आदल्या दिवशी वाचला होता. दुरुस्तीसाठी माझ्याचकडे आला होता तो, स्वल्पविराम बघायला.

मावशीनं पेन घेतलं. पानावर बोट ठेवून थोडा वेळ बघितलं. इंग्रजी तिला येत नव्हतं. मग माझ्याकडे मान वर करून हळू, फक्त मला ऐकू येईल असं विचारलं, “पोरी, आपली राख आहे न ह्याच्यात? ट्रकचं होईन न?”

सर शेजारी उभे होते. साहेब शेजारी उभे होते. समोर माणसं, कॅमेरे. मला फक्त ‘नाही’ म्हणायचं होतं. अडीच अक्षरांचंसुद्धा काम नव्हतं. मी, जी ऑटोवाल्यावर ओरडते, भाजीवालीवर ओरडते, जिनं विहारात सहा बायकांची अक्कल काढली, ती मी म्हणाले, “हो मावशी. करा सही.”

तिनं केली. पूर्ण नाव, आडनावासकट.

तो उन्हाळा मी त्या बाजूला फिरकले नाही. मावशीचे दोन फोन आले, ते उचलले नाहीत. जूनमध्ये माझी ऑर्डर आली, कधी नव्हे ती वेळेवर. आणि मग एक दिवस शेंगावालीचा फोन आला. तिचा नंबर माझ्याकडे नव्हता, म्हणून उचलला गेला.

“मॅडम, तुमी इकडे येऊन जा एक खेप,” ती म्हणाली. “मावशीनं अध्यक्षपद सोडलं.”

झालं असं, की ट्रक काही हटले नाहीत म्हणून बायका गल्लीत आडव्या उभ्या राहिल्या. कंपनीचा माणूस आला आणि त्यानं अहवालाचं शेवटचं पान सगळ्यांना वाचून दाखवलं, मराठीत समजावून. वस्तीत राख पडत नाही, मंडळाला मान्य आहे, तक्रार करणार नाही. खाली मावशीची सही. तिनं सांगून पाहिलं की मला असं सांगितलं नव्हतं. पण कोणाला पटणार? सही तिची, फोटो तिचा, घरात शालही तिची. गल्लीतच कोणीतरी म्हणालं, एका शालीत विकली गेली बुढी. तिनं त्या संध्याकाळी मंडळाचा शिक्का आणि वही विहारात आणून ठेवली आणि घरी गेली. अंगणवाडीत येते, खिचडी करते, कोणाशी बोलत नाही.

मी गेले. जावंच लागलं. बायका विहारात जमल्या होत्या. मावशी मागे दाराजवळ बसली होती, तिच्याशेजारची जागा रिकामी होती. मी पुढे उभी राहिले आणि एका दमात सगळं सांगितलं. धुतलेल्या बरण्यांचं काय केलं, साहेब काय म्हणाला, सर काय म्हणाले, गाडीत काय झालं. शेवटी म्हटलं, “मावशीनं सही विकली नाही. तिनं मला विचारलं होतं, आपली राख आहे का ह्यात. मी हो म्हटलं. मला माहीत होतं नाही ते. मी खोटं बोलले.”

मी वाट बघत होते की कोणीतरी उठून माझ्या कानाखाली देईल, माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करेल. तेवढं तरी करायला हवं होतं त्यांनी. बोरंवाली म्हातारी सरकत सरकत मागे गेली आणि मावशीशेजारी जाऊन बसली. मग दुसरी गेली.

“बरं,” शेंगावाली म्हणाली. “आमाले सांगतलं, चांगलं केलं. आता हेच तिकडं सांग. तुह्या सराले, त्या साहेबाले, अन् त्याच्या वरच्याइले. लिहून दे. सही तुही.”

“देते,” मी म्हटलं.

“कधी?” मावशीनं विचारलं. एवढंच बोलली ती.

“याच आठवड्यात.”

त्याला दोन वर्षं होतील. अर्ज लिहून तयार आहे. सगळं आहे त्यात, दुसऱ्या महिन्याची वजनंसुद्धा. ऑर्डर यायची असते तेव्हा वाटतं, ती हातात पडली की देऊ. पडली की वाटतं, एवढं वर्ष निघू दे. सर पुढच्या वर्षी निवृत्त होतील, मग देऊ. ट्रक त्याच गल्लीतून जातात. शाई फिकी पडली, तारीख मी तीनदा बदलली.

गेल्या महिन्यात मी धीर करून मावशीला फोन लावला. म्हटलं, तब्येत विचारावी, पोट्ट्यांचं विचारावं. तिनं उचलला. माझा आवाज ओळखला.

“दिलं का?” तिनं विचारलं.

“देते, मावशी,” मी म्हटलं.

तिनं फोन ठेवला.